सगळ्या वर्गाची एकच चूक

१

परीक्षेच्या लिफाफ्याचं सील कुणीतरी फोडलं होतं आणि वरून नवी लाल पट्टी डकवून अगदी साळसूदपणे बंद केलं होतं. डॉ. मॉइरा कीथबाईंनी नखानं ती वरची पट्टी सोलली, खालची फाटकी पट्टी सगळ्यांना दाखवली आणि मेलेला उंदीर ठेवावा तसा तो लिफाफा डीनसाहेबांच्या टेबलावर ठेवला.

शम्सा अल-अलवी दाराशीच उभी राहिली. विषय तिचा, वर्ग तिचा.

सूर गावातलं हे कॉलेज लहान. शिकवायचं इथल्यांनी आणि पदवी मिळायची स्कॉटलंडमधल्या एका विद्यापीठाची. म्हणून वर्षातून एकदा तिकडून कुणीतरी यायचं, वर्गात मागे बसायचं, उत्तरपत्रिका चाळायचं, 'दर्जा तोच आहे ना' हे बघायचं आणि खजूर खाऊन परत जायचं. प्रश्नपत्रिका तिकडेच निघायची. इथल्या शिक्षकांना ती परीक्षेआधी बघायचीसुद्धा बंदी. छपाई तेवढी गावातल्या छापखान्यात, तीही सीलबंद.

"आणि लिफाफा हे अर्धंच झालं," कीथबाई म्हणाल्या. बाई उंच, नाक उन्हानं लाल झालेलं आणि आवाज शांत. असा शांत आवाज ऐकला की जास्तच भीती वाटते. "हा चौथा प्रश्न बघा. एका खाडीचे चार फोटो. जागा तीच, वर्षं वेगळी. विचारलंय काय? खाडीकाठच्या खारफुटीचं काय होतंय आणि तुम्ही काय कराल? खारफुटी मरते आहे. आंधळ्यालाही दिसेल. आणि तुमचा वर्ग काय लिहितो? बन वाढतंय, झकास चाललंय, आहे तसंच राखा!"

"चुकतात मुलं," डीन डॉ. सालिम अल-घैलानी पुटपुटले. साहेब घाबरले की फेट्याच्या गाठीशी चाळा करायचे. आत्ता गाठ सुटायच्या बेतात होती.

"चुकतात ना. पण प्रत्येकजण आपापलं चुकतो. इथे दोघी सोडल्या तर सगळ्यांची एकच चूक आहे. कुणीतरी पेपर फोडलाय, वर्गाला उत्तर पुरवलंय, आणि गंमत म्हणजे पुरवणाऱ्यालाच उत्तर येत नव्हतं." बाईंनी शम्साकडे पाहिलं. "खारफुटी लावायच्या मोहिमेत तुम्ही असता ना? बन वाढलेलं तुम्हाला फार आवडतं, असं ऐकलं."

शम्सा उत्तर देण्याआधीच बाई पुढे बोलू लागल्या.

"उद्या दुपारी मी निघते. तोवर उलगडा झाला तर ठीक. नाही तर निकाल रद्द, आणि या पदवीवरून आमच्या विद्यापीठाचं नाव कायमचं काढून घेतलं जाईल."

ऐजा भागातल्या किती घरांत शम्सा स्वतः जाऊन बसली होती! पोरींच्या बापांपुढे कॉफी पीत शब्द दिला होता, 'लेक परदेशी धाडू नका, परदेशाची पदवी तुमच्या उंबऱ्याशी आणून देते.' उद्या त्याच बापांना काय तोंड दाखवायचं? नोकरी गेली तर गेली, चुलीत घाला. पण पोरींची सगळी वर्षं पाण्यात गेली तर?

डीनसाहेबांनी मस्कतच्या शिक्षणखात्याला फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, "उम्म हमदना पाठवतो."

ते ऐकून साहेबांची गाठ सुटली ती सुटलीच.

२

झुवैना अल-रियामी, म्हणजेच हमदची आई, म्हणून उम्म हमद. सकाळी गाडीतून उतरली ती आधी पाय धरून कण्हली, मग ड्रायव्हरला रस्त्यावरच्या खड्ड्यांबद्दल बोलली आणि मग डीनसाहेबांना म्हणाली, "सालिम, वजन वाढलंय तुझं. बायको चांगलं घालते वाटतं खायला." तिच्याबद्दल शिक्षणखात्यात म्हणायचे की ही बाई कॉलेजात शिरली की भिंती पोपटासारख्या बोलतात. दिसायला मात्र कुणाच्याही लग्नात पंगतीच्या कडेला बसलेली मावशी वाटावी अशी.

साहेबांच्या खोलीत बसायला तिनं साफ नकार दिला. "तिथे एसी फार. माझे गुडघे धरतात. इथे बोळात खुर्च्या टाका."

बोळात खुर्च्या आल्या. परीक्षाविभागाचे खलफान अल-अरैमी कॉफीचं भांडं घेऊन आले. खलफानकाका म्हणजे कॉलेजच्या पहिल्या दिवसापासूनचा माणूस. शम्साला लहानपणी अंगाखांद्यावर खेळवलेला, तिच्या वडिलांचा दोस्त. पाहुण्यांना कॉफी ओतायचा मान त्यांचा. आज मात्र त्यांच्या डाव्या अंगठ्याला पट्टी होती.

कीथबाईंनी कप रिकामा केला. काकांनी भरला. बाईंनी परत रिकामा केला, काकांनी परत भरला. पुरे झालं की कप हलवायचा असतो हे बाईंना कुणी सांगितलंच नव्हतं, आणि त्या बिचाऱ्या सभ्यपणानं पीत होत्या. एरवी शम्सानं त्यांच्या कानात सांगितलं असतं. आज तिला दुष्टासारखं वाटलं, पिऊ दे.

कॉफीच्या माऱ्यातून सुटका म्हणून बाई उठल्या आणि भिंतीवरचे फोटो बघू लागल्या. तिथे एका गलबताचे चार मोठे फोटो ओळीनं टांगलेले होते. सूर गावची ओळखच गलबतं बांधणाऱ्यांची. असे फोटो इथे बँकेतही असतात.

"किती सुंदर जहाज!" बाई हळहळल्या. "आणि मोडून टाकलंत? वाईट वाटतं हो."

"हं," डीनसाहेब म्हणाले. त्यांचं लक्ष होतंच कुठे.

शम्सानं मान वर केली. बाईंना यात कसलं मोडणं दिसलं, कोण जाणे. पण तिचं डोकं आधीच भणभणत होतं. तिनं नाद सोडला.

झुवैनाबाई मात्र खजूर चावता चावता थांबली. तिनं बी तळहातावर काढली, फोटोंकडे पाहिलं, कीथबाईंच्या पाठीकडे पाहिलं आणि दुसरा खजूर उचलला.

३

चौकशी बोळालगतच्या रिकाम्या वर्गात सुरू झाली. पहिली पाळी खलफानकाकांची.

"लिफाफा कुणाच्या ताब्यात होता?"

"माझ्या कपाटात. किल्ली माझ्याकडे. दुसरी डीनसाहेबांकडे."

"अंगठ्याला काय झालं?"

"गळ लागला. मासे धरायला गेलो होतो."

"कधी?"

काकांनी अंगठा मुठीत लपवला. "परीक्षेच्या… आदल्या दिवशी."

"आणि अजून भरला नाही? अरैम्यांच्या घरात जन्मून गळ हाताळता येत नाही होय तुला?" झुवैनाबाई हसली. काका हसले नाहीत. ते गेल्यावर ती शम्साला हळूच म्हणाली, "चोराच्या मनात चांदणं असतं, पोरी. पण या माणसाच्या मनात लाज आहे. दोन्हींत फरक असतो."

मग रझान अल-बरवानी आली. बरोबर उत्तर लिहिलेल्या दोघींपैकी ही एक. आल्या आल्या रडू लागली.

"आमच्या बाईंनी, उस्ताझा शम्सांनी, आम्हाला काही म्हणजे काही सांगितलं नाही! देवाशपथ! त्यांना उगाच धरलंय."

"अगं, तिला कुणी धरलेलं नाही, ती बघ, बसली आहे. डोळे पूस. मला एवढंच सांग, तुला बरोबर कसं आलं?"

रझान गोंधळली. "कसं म्हणजे? मला दिसलं तसं लिहिलं. बन मरत होतं. पण पेपर झाल्यावर बाहेर आलो तर सगळ्या मला हसायला लागल्या. म्हणे, अगं वेडे, बन तर वाढत होतं! सगळ्याच म्हणतात म्हणजे माझंच चुकलं असणार. घरी जाऊन जेवले नाही मी."

झुवैनाबाईंनी खुर्ची पुढे ओढली. "सगळ्या हसल्या? उत्तर विकत घेतलेलं असतं तर कुणी असं मोकळेपणानं हसेल का? चोरीचा माल कुणी चव्हाट्यावर मांडतं का?" मग एकदम विषयच बदलला. "शाळा कुठली तुझी?"

"झांझिबारची. आत्याकडे वाढले. बारावी करून इकडे आले."

"अरबी येतं?"

"बोलते की. वाचताना अडखळते अजून. मैत्रिणी चिडवतात."

"आणि दुसरी ती, बरोबर उत्तरवाली?"

"लिजी. ती इंडियन शाळेतली, केरळची आहे."

"वा," झुवैनाबाई म्हणाली. लॉटरी लागल्यासारखी खूश झाली होती. "जा, आधी जेव काहीतरी."

रझान गेली. झुवैनाबाई शम्साकडे वळली, आणि या वेळी हसू नव्हतं.

"आता तू. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी रखवालदारानं तुला खलफानच्या दाराशी पाहिलं. हे तू कुणालाच सांगितलं नाहीस. का?"



४

"मी प्रयोगशाळेची किल्ली मागायला गेले होते," ती कशीबशी म्हणाली. "दाराला आतून कडी होती. काका आतूनच म्हणाले, उद्या ये."

"बस? एवढंच?"

शम्सानं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. काकांनी तिला सायकल शिकवली होती. तिचे वडील वारले तेव्हा खांदा काकांनी दिला होता. पण बोलली नाही तर त्या सगळ्या पोरी बुडणार. तिनं डोळे मिटूनच सांगितलं, "आतून आवाज येत होता. टक्… टक्… टक्…"

"ठोकल्याचा?"

"नाही. दाबल्याचा."

"शाब्बास," झुवैनाबाई म्हणाली. "इतका वेळ हे पोटात ठेवून बसलीस, पोट दुखलं नाही का गं? चल, मला वापरलेल्या प्रश्नपत्रिका दे."

प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा आला. झुवैनाबाईंनी त्यातली एक उचलली आणि खिडकीच्या उजेडात धरली. डाव्या कडेला पिना मारलेल्या, इंग्रजी कागदाला असतात तशा. मग तिनं उजवी कड बोटांनी चाचपली आणि शम्साला जवळ ओढलं.

"बघ."

उजव्या कडेला उजेडाचे बारीक ठिपके चमकत होते. भोकं. पिना काढल्यावर राहतात तशी. तिनं दुसरी प्रश्नपत्रिका धरली, तिसरी धरली. सगळ्यांना तीच भोकं, त्याच जागी.

"खलफान!" तिनं बोळात हाक दिली. "ये रे भाऊ. आणि त्या अंगठ्यात गळ शिरला म्हणून पुन्हा सांगू नकोस. पिना उपसताना लागलंय ते."

खलफानकाका आले आणि उभ्या उभ्या खचले. शम्सानं धावत खुर्ची सरकवली.

"छापखान्यानं उजवीकडे पिना मारल्या," काका म्हणाले. आवाज रडवेला झाला होता. "आपल्या अरबी वह्यांना मारतात तशा. पोरगं नवीन होतं, सवयीनं मारल्या. लिफाफ्याला पारदर्शक खिडकी असते ना, तिच्यातून मला दिसलं. इंग्रजी पेपर आणि उलट्या बाजूनं उघडतोय! मनात म्हटलं, बाई तपासायला येणार, हे बघून हसणार. म्हणणार, यांना धड पिना मारता येत नाहीत आणि हे पदवी देणार! मग कडी लावली, सील फोडलं, सगळ्या पिना उपसल्या, डावीकडे मारल्या. वाचला एक शब्द नाही, उम्म हमद. मला इंग्रजी वाचायला चष्मा लागतो, आणि चष्मा त्या दिवशी घरी राहिला होता."

"मग बोलला का नाहीस?"

"लाज वाटली. आणि नंतर शम्सावर आलं तेव्हा… तेव्हा तर जास्तच लाज वाटली." त्यांनी शम्साकडे पाहिलंच नाही. "पोरी, मला माफ कर. आज दुपारपर्यंत काहीच निष्पन्न झालं नसतं तर मी बोलणार होतो. कालपासून तोंडात घास जात नाहीये."

शम्साला राग यायला हवा होता. आला मात्र हुंदका. "काका, तुम्ही पण ना!" एवढंच ती म्हणाली आणि त्यांचा पट्टीचा हात हातात घेतला.

दारात कीथबाई केव्हाच्या उभ्या होत्या. त्यांना सगळं इंग्रजीत सांगितलं गेलं. त्यांनी भोकं बघितली, मान डोलावली, पण चेहरा सैल केला नाही.

"सील फुटलं हे खरं, कारण चोरीचं नाही हेही मानते. पण मग ते उत्तर? पेपर कुणी वाचलाच नाही म्हणता, तर सगळ्या वर्गानं एकच चूक केली कशी?"

शम्साही विचारात पडली. खरंच की. कशी?

५

"या डॉक्टरबाई," झुवैनाबाई म्हणाली आणि कीथबाईंचा हात धरून त्यांना बोळात, गलबताच्या फोटोंपुढे नेलं. खलफानकाकांना सवय आवरेना. त्यांनी वाटेतच बाईंच्या हाती भरलेला कप दिला. "मघाशी तुम्ही म्हणालात, इतकं सुंदर जहाज मोडून टाकलं. जरा मला गोष्ट सांगा या फोटोंची."

बाईंना हे विचित्र वाटलं, पण सांगू लागल्या. "हे पहिलं, शीड उभारलेलं, पाण्यातलं जहाज. मग दुसऱ्यात शीड उतरवलंय, ते किनाऱ्यावर घेतलंय. तिसऱ्यात फळ्या काढल्यात, आतली बरगडी दिसते आहे. आणि चौथ्यात नुसता खालचा कणा उरलाय. मोडीत काढलं."

डीनसाहेबांना आता ऐकू आलं. "मोडीत? अहो, माझ्या आजोबांनी बांधलंय ते! आजही खाडीत उभं आहे! आधी कणा, मग बरगड्या, मग फळ्या, मग पाणी आणि शीड. शेंबड्या पोरालाही कळेल!"

"शेंबड्या पोराला कळेल," झुवैनाबाई म्हणाली, "पण त्याला उजवीकडून वाचायची सवय पाहिजे."

तिनं चौथा प्रश्न बाईंपुढे उघडून धरला.

"प्रश्नपत्रिकेतल्या फोटोंखाली वर्ष आहे? आकडा? बाण? काही नाही. ज्यानं पेपर काढला तो डावीकडून बघणारा. त्याला वाटलंच नाही की कुणी दुसरीकडूनही बघेल. आमच्या पोरी लहानपणापासून गोष्टीची चित्रं उजवीकडून वाचतात. शब्द इंग्रजी असले की इंग्रजीसारखं वाचतात, पण चित्राला कुठे भाषा असते? घाईत डोळा आपल्या घरच्या वाटेनं गेला. उजवीकडून बघितलं तर पहिला फोटो ओसाड खाडी, शेवटचा हिरवंगार बन. त्यात सूर गावात दरवर्षी रोपं लावतात, बन वाढलेलं पोरींनी डोळ्यांनी पाहिलंय. मग वेगळं काय लिहितील? आणि दोघी ज्या वेगळं लिहून गेल्या, त्यातली एक झांझिबारात शिकलेली, एक इंडियन शाळेत. दोघीही डावीकडून वाचणाऱ्या. कुणी कुणाचं पाहिलं नाही, बाई. जिनं तिनं आपापलं चोख लिहिलंय."

कीथबाई परत फोटोंकडे वळल्या. या वेळी उजव्या टोकाला जाऊन उभ्या राहिल्या आणि हळूहळू डावीकडे सरकत गेल्या. कणा. बरगड्या. फळ्या. शीड. शेवटच्या फोटोपाशी त्यांचं लाल नाक आणखी लाल झालं.

"अरे देवा," त्या म्हणाल्या. "मी तर हळहळलेसुद्धा."

"हळहळलात. साप साप म्हणून भुई धोपटली आपण सगळ्यांनी," झुवैनाबाई म्हणाली. पण मग तिचा सूर बदलला. "एक विचारते, राग मानू नका. शिकवणं तपासायला तुम्ही एवढ्या लांबून येता. ठीकच आहे, यायलाच हवं. पण पेपर काढल्यावर इथल्या एका तरी माणसाच्या नजरेखालून घातलात? ही शम्सा. तिला परीक्षेआधी दाखवला असता तर दोन घटकांत म्हणाली असती, बाई, खाली वर्षं घाला. चोरी होईल म्हणून तिच्यापासून लपवलात, आणि नेमकं जे तिलाच दिसलं असतं, ते राहून गेलं."

कीथबाईंनी एकवार फोटोंकडे पाहिलं. शम्सा त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती. तिच्या पोरींचं सगळं त्या एका चेहऱ्यावर अडकलेलं होतं.

"उत्तरपत्रिका मी पुन्हा तपासेन," बाई शेवटी म्हणाल्या. "दोन्ही दिशांनी. ज्या बाजूनं वाचलंय, त्या बाजूनं विचार बरोबर असेल तर पूर्ण गुण. चूक प्रश्नाची आहे, मुलींची नाही, असं माझ्या अहवालात लिहीन. लिफाफ्याचंही लिहावं लागेल, खलफानसाहेब, पण जसं घडलं तसंच. पदवी आहे तिथेच राहील." मग त्या शम्सापुढे येऊन उभ्या राहिल्या. "आणि मी तुमच्यावर नको तो आळ घेतला. चुकले. पुढच्या वर्षीचा पेपर आधी तुमच्याकडे येईल. याल का मला मदत करायला?"

जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते शम्साला आज कळलं. भांड्याचा आवाजसुद्धा ऐकू आला म्हणाना. तिनं मान डोलावली, आणि काहीतरी करायचं म्हणून बाईंच्या कपाकडे बोट दाखवलं. काका पुन्हा ओतायच्या पवित्र्यात होते.

"बाई, नको असेल तर कप असा हलवायचा. डावीउजवीकडे. नाही तर हे तुम्हाला विमान चुकेपर्यंत पाजत राहतील."

कीथबाईंनी कपाकडे पाहिलं, मग काकांकडे, मग शम्साकडे. "म्हणजे सकाळपासून…"

"सकाळपासून," शम्सा म्हणाली, आणि तिला खुदकन हसू फुटलं.

बाईंनी कप हलवला, जरा जास्तच जोरात. खलफानकाकांनी भांडं उभं धरलं. डीनसाहेबांनी फेटा काढून मांडीवर ठेवला आणि कपाळ पुसलं. झुवैनाबाई म्हणाली, "सालिम, आता जेवायचं बघ. मासा ताजा असेल तर थांबते, नाही तर निघते."

बाहेर, जिन्याखाली, सगळा वर्ग थांबला होता. रझान, लिजी, ऐजाच्या त्या सगळ्या पोरी. कुणी नखं खात होतं. शम्सा दारातून बाहेर आली तशा सगळ्या उठून उभ्या राहिल्या. तिनं किती छान छान वाक्यं जुळवली होती येताना! त्यातलं एकही तोंडात येईना.

"गधड्यांनो!" ती ओरडली. "फोटोखाली वर्ष दिसलं नाही, तर हात वर करून विचारता येत नाही? तोंडं काय घरी ठेवून आला होतात? एवढं शिकवते मी, आणि…"

रझाननं तिच्याकडे निरखून पाहिलं, उस्ताझाच्या डोळ्यांतलं पाणी पाहिलं आणि हसणारं तोंड पाहिलं.

"पास?" तिनं हळूच विचारलं.

"पास," शम्सा म्हणाली. "डावीकडूनही, उजवीकडूनही."